उद्योजकता हा विषय कसा घडला? तुमच्याच अभ्यासक्रमाचा इतिहास



बी.बी.ए., बी.एम.एस. किंवा बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याला आज कुठल्या ना कुठल्या सत्रात 'उद्योजकता आणि नवप्रवर्तन' असा एक पेपर असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही तो आता असतो, आणि त्यामुळेच माझ्यासारख्या यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षकाचा या विषयाशी संबंध आला. विद्यापीठ कोणतेही असो, घटकांची नावे साधारण तीच असतात : उद्योजकाची व्याख्या आणि गुण, शुम्पीटरचा सिद्धान्त, प्रेरणा प्रशिक्षण, प्रकल्प अहवाल, शासकीय योजना व वित्तसंस्था, इन्क्युबेटर, आणि शेवटी बिझनेस मॉडेल. विद्यार्थी हे घटक क्रमाने वाचतो आणि परीक्षेत लिहितो. पण हे घटक एकमेकांच्या शेजारी आले कसे, हा प्रश्न सहसा विचारायचा राहून जातो.

हा विषय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खोल्या वाढवत नेलेला जुना वाडा आहे. प्रत्येक खोली वेगळ्या मालकाने, वेगळ्या गरजेपोटी बांधली. कोणती खोली कोणी आणि का बांधली हे कळले, तर तिचा उपयोग किती आणि कुठवर हेही कळते. ही केवळ जिज्ञासेची बाब नाही. पदवी संपताना तुमच्यापैकी काहीजण नोकरी घ्यायची की स्वतःचे काही सुरू करायचे या निर्णयापाशी येतील. त्यात घरचे पैसे आणि उमेदीची दोन-तीन वर्षे पणाला लागतात. तेव्हा वर्गात शिकलेल्या कोणत्या गोष्टीवर किती विसंबायचे, हे ठरवता आले पाहिजे.

या पाठाचा मुख्य प्रश्न जुनाच आहे : 'धंदा रक्तातच असावा लागतो' हे खरे, की तो शिकवता येतो?

१. शब्द आधी, विषय नंतर

उद्योजक या अर्थाचा 'आँत्रप्रनर' हा फ्रेंच शब्द अर्थशास्त्रात रुळवला तो रिचर्ड कँतिलाँ याने. त्याचा व्यापारविषयक निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली छापला गेला. त्याची व्याख्या आजही सर्वांत सोपी आहे : जो ठरलेल्या किमतीला विकत घेतो आणि न ठरलेल्या किमतीला विकतो, तो उद्योजक. मंडईतला भाजीवाला सकाळी घाऊक भाव मोजून माल उचलतो आणि संध्याकाळपर्यंत काय भाव मिळेल हे त्याला ठाऊक नसते. कँतिलाँच्या दृष्टीने तोही उद्योजकच. उद्योजकाची खूण भांडवल किंवा यंत्रे ही नसून अनिश्चितता अंगावर घेणे ही आहे.

पुढे झाँ-बाप्तिस्त से याने १८०३ च्या आपल्या ग्रंथात उद्योजकाला जमीन, श्रम आणि भांडवल यांची जुळणी करणारा मानले. से याने स्वतः सूतगिरणी चालवली होती. नंतर १८१९ मध्ये पॅरिसमधील कला व शिल्प विषयांच्या संस्थेत त्याला औद्योगिक अर्थशास्त्राचे अध्यासन मिळाले. गिरणी चालवलेला माणूस वर्गात शिकवायला उभा राहण्याचे हे एक जुने उदाहरण आहे. पण तो शिकवत होता अर्थशास्त्र. 'उद्योजक कसे व्हावे' हा अजून विषय नव्हता.

२. शोध आणि नवप्रवर्तन यांतला फरक

दुसरी खोली जोसेफ शुम्पीटरची. त्याचा आर्थिक विकासाचा सिद्धान्त १९११ मध्ये जर्मनमध्ये आणि १९३४ मध्ये इंग्रजीत आला. उद्योजक म्हणजे 'नवी जुळणी' करणारा, आणि अशी जुळणी पाच प्रकारे होते, असे त्याने मांडले. हे पाच प्रकार तुम्ही पाठ केलेच असतील. ते भारतीय उदाहरणांशी जोडून पाहा :

- नवी वस्तू : मदुराईच्या अरविंद नेत्रसेवेने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली. आयात करावी लागणारी डोळ्यातली भिंगे इथे स्वस्तात तयार होऊ लागली.
- नवी पद्धत : म्हशीच्या दुधाची भुकटी करता येत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. १९५५ मध्ये आणंदच्या सहकारी दूधसंघात ती व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली. यामागचे तंत्रज्ञ होते एच. एम. दलाया.
- नवी बाजारपेठ : तमिळनाडूतून पुढे आलेल्या शाम्पूच्या छोट्या पुड्यांनी अख्खी बाटली न परवडणाऱ्या घरांपर्यंत माल नेला.
- कच्च्या मालाचा नवा स्रोत : शेतातला पेंढा किंवा उसाची चिपाडे जाळून टाकण्याऐवजी त्यांपासून इंधन वा कागद करणे.
- उद्योगाची नवी रचना : १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्याचा 'लिज्जत' झाला. पापड नवा नव्हता. काम करणारी प्रत्येक बाई सहमालक असते, ही रचना नवी होती.

या यादीत प्रयोगशाळेतला शोध एखाद्याच ठिकाणी आहे. शोध लावणे आणि तो व्यवहारात रुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा शुम्पीटरचा मुद्दा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून नेमका निसटतो. उत्तम यंत्र तयार झाले म्हणजे नवप्रवर्तन झाले असे आपण धरून चालतो. ते कोणी विकत घेतले नाही, तर शुम्पीटरच्या हिशेबी ते झालेलेच नाही.

शुम्पीटरबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उद्योजकाचा हा थोर सिद्धान्तकार व्हिएन्नातील एका बँकेचा अध्यक्ष झाला होता. १९२४ मध्ये ते पद गेले, स्वतःची गुंतवणूक बुडाली आणि डोक्यावर कर्ज झाले. त्यानंतर तो प्राध्यापकीकडे वळला आणि १९३२ पासून हार्वर्डमध्ये शिकवू लागला. उद्योजकतेचा सिद्धान्त जाणणे आणि उद्योग चालवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

३. वर्गाबाहेरचा उद्योजक

भारतात हा विषय शिकवला जात नव्हता त्या काळातले एक उदाहरण पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे छोटे दुकान सुरू झाले ते भावाच्या साथीने. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि सायकलींवरून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

लोखंडी नांगर हा शोध नव्हता, परदेशात तो होताच. अडचण होती ती वेगळीच. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी माळरान दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, असे मराठी माणूसच सर्वांत जास्त म्हणतो. लक्ष्मणराव व्यापारी घराण्यातले नव्हते. त्यांनी कोणताही उद्योजकता अभ्यासक्रम केला नव्हता. म्हणजे 'रक्तात असावा लागतो' हे इथे खरे ठरत नाही, आणि 'वर्गात शिकावा लागतो' हेही नाही. ते शिकले, पण गिऱ्हाइकाकडून. या तिसऱ्या शक्यतेकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

४. वाणिज्य शिक्षणाने काय शिकवले आणि काय नाही

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. भारतातील वाणिज्य पदवीचा पाया घालणाऱ्या संस्थांत त्याचे स्थान वरचे आहे. हिशेब, बँकिंग, विमा, व्यापारी कायदा, दळणवळण यांचे पद्धतशीर शिक्षण हे त्या काळी मोठेच पाऊल होते. पण या शिक्षणाचा रोख चालू असलेल्या पेढ्या, बँका आणि कंपन्या नीट चालवणारी माणसे तयार करण्याकडे होता. पेढी मुळात सुरू कोणी करायची, हे गृहीत धरलेले होते : ज्याचे घराणे ते करीत आले, तोच करील.

१९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. कोलकात्याला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्लोन स्कूलचे, तर अहमदाबादला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य लाभले. त्यांच्यापुढेही मुख्य गरज होती ती व्यवस्थापकांची. सार्वजनिक क्षेत्राचे मोठे कारखाने उभे राहत होते आणि ते चालवायला शिकलेली माणसे हवी होती. व्यवस्थापक आणि उद्योजक यांतला फरक प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना येतो. इतिहासात मात्र या फरकाची किंमत अशी की आपल्या व्यवसाय-शिक्षणाची पहिली पन्नासेक वर्षे फक्त एकाच बाजूला खर्ची पडली.

५. हार्वर्ड, १९४७

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नव्हते. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ चे, पण नवा उद्योग सुरू करण्यावरचा पहिला अभ्यासक्रम तिथे आला फेब्रुवारी १९४७ मध्ये. शिकवणारे होते माइल्स मेस आणि अभ्यासक्रमाचे नाव होते 'नव्या उद्योगांचे व्यवस्थापन'. १८८ विद्यार्थ्यांनी तो घेतला.

१९४७ च का? वर्गात बसलेले अनेकजण दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. युद्धसामग्रीचे कारखाने बंद होत होते, नागरी अर्थव्यवस्था नव्याने उभी राहत होती, आणि मोठ्या कंपनीत कुठल्या तरी टेबलामागे बसण्यापेक्षा स्वतःचे काही करावे असे या माणसांना वाटत होते. म्हणजे या विषयाची मागणी प्रथम विद्यार्थ्यांच्या बाजूने आली. पुढे १९५३ मध्ये पीटर ड्रकर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात 'उद्योजकता आणि नवप्रवर्तन' शिकवायला घेतले आणि १९६८ मध्ये बॅब्सन महाविद्यालयाने पदवी पातळीवर या विषयात विशेष अभ्यासाची सोय केली. तुमच्या पेपरचे नाव ज्या जोडशब्दाने बनले आहे, तो असा सत्तर वर्षांहून जुना आहे.

६. काकीनाडा, १९६४

आता आपण भारताकडे परतू, कारण जगातील एक गाजलेला प्रयोग आपल्याकडे झाला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते की समाजाची आर्थिक प्रगती तेथील माणसांच्या 'सिद्धिप्रेरणे'वर, म्हणजे काहीतरी उत्तम करून दाखवण्याच्या ओढीवर अवलंबून असते. प्रश्न असा, की ही ओढ मोठेपणी वाढवता येते का?

ते पाहण्यासाठी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा शहरातील पन्नासच्या आसपास व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण देण्यात आले. त्यात बँकेचे नियम किंवा हिशेब शिकवायचे नव्हते. चित्र पाहून गोष्ट लिहायची, स्वतःची उद्दिष्टे मांडायची, त्यांवर चर्चा करायची. कडी फेकून खुंटीवर अडकवण्याचा खेळ मॅक्लेलँड यांच्या कामात महत्त्वाचा होता. उभे कुठे राहायचे हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. खुंटीला चिकटून उभे राहिले तर यशात अर्थ नाही, फार लांब राहिले तर सगळे नशिबावर. मधले अंतर निवडणारा माणूस उद्योजकासारखा विचार करतो, असे त्यांचे म्हणणे. तुमच्या पुस्तकातले 'उद्योजक मध्यम जोखीम पत्करतो' हे वाक्य याच विचारातून आलेले आहे.

पुढची दोनेक वर्षे या मंडळींचा मागोवा घेतला गेला आणि प्रशिक्षण न घेतलेल्यांशी तुलना झाली. मॅक्लेलँड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, प्रशिक्षण घेतलेले लोक व्यवसायात अधिक सक्रिय झाले, त्यांनी अधिक गुंतवणूक केली आणि अधिक रोजगार दिले. पारंपरिक श्रद्धा बाळगणारे लोकही यात मागे राहिले नाहीत. भारतीय धर्मपरंपरा उद्योजकतेच्या आड येतात, असे तेव्हा पाश्चात्त्य विद्वान सर्रास म्हणत. या निष्कर्षाने त्याला छेद दिला.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. नमुना लहान होता. हे लोक आधीच व्यवसायात होते. प्रेरणा वाढली तरी भांडवल, वीज, कच्चा माल आणि परवाना नसेल तर प्रेरित माणूस करणार काय? 'उद्योजकाचे गुण' हा घटक वाचताना प्रयोगासोबत ही टीकाही लक्षात ठेवा.

७. गुजरात, १९७०

या टीकेला व्यावहारिक उत्तर गुजरातने शोधले. गुजरात औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञांना तारण न मागता भांडवल देण्याची योजना आणली होती. पैसे उपलब्ध झाले, पण नुसत्या पैशाने उद्योग उभे राहत नाहीत हे लवकरच दिसले. म्हणून १९७० पासून उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू झाले. त्यांत निवड, प्रेरणा प्रशिक्षण, उद्योगाची संधी हेरणे, प्रकल्प अहवाल तयार करणे, व्यवस्थापनाची ओळख, कर्ज मिळवून देण्यास साहाय्य आणि नंतरचा पाठपुरावा असे टप्पे गुंफलेले होते. काकीनाडात फक्त मनावर काम झाले होते, इथे मन आणि बाजार यांची सांगड घातली गेली. या कामात पुढाकार घेणारे व्ही. जी. पटेल पुढे अहमदाबादच्या भारतीय उद्योजकता विकास संस्थेचे संस्थापक संचालक झाले. ही संस्था १९८३ मध्ये अखिल भारतीय वित्तसंस्था आणि स्टेट बँक यांच्या पाठबळाने उभी राहिली.

यातली खरी धाडसी गोष्ट होती ती निवडीची कसोटी. त्या वेळी भारतात उद्योजक म्हटले की पारशी, मारवाडी, बनिया, चेट्टियार अशी नावे पुढे येत. या कार्यक्रमांनी उमेदवाराचे घराणे न पाहता त्याचे वर्तन पाहायचे ठरवले : पुढाकार घेतो का, अडथळा आला की काय करतो, माहिती स्वतः शोधतो का. धंदा रक्तात असावा लागतो या समजुतीला एका सरकारी महामंडळाने दिलेले हे आव्हान होते. वाड्यातली ही खोली मला सर्वांत मोलाची वाटते.

तुमच्या अभ्यासक्रमातील 'प्रकल्प अहवाल' आणि 'शासकीय योजना व वित्तसंस्था' हे दोन घटक याच काळातले आहेत. त्यामागची परिस्थितीही समजून घ्या. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने परवाना पद्धत आणली होती. १९६७ पासून ठरावीक वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. आरंभी त्या ४७ होत्या, पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे आली. त्या काळच्या नवउद्योजकाला सर्वांत आधी पटवावे लागे ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला. ग्राहकाची पाळी त्यानंतर. म्हणून प्रकल्प अहवालाचा वाचक बँक अधिकारी असतो. तो अहवाल टाकाऊ नाही, फक्त तो कोणासाठी लिहिला जातो हे ओळखून लिहायला हवा.

८. परवाना गेला, इन्क्युबेटर आले

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना पद्धत रद्द केली. राखीव वस्तूंची यादी हळूहळू आटत गेली आणि २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही तिच्यातून वगळल्या गेल्या. उद्योजकापुढची मुख्य अडचण 'परवानगी मिळेल का' ही न राहता 'कोणी विकत घेईल का' ही झाली.

विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने १९८२ मध्येच राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन केले होते. तिरुचिरापल्लीचे विज्ञान-तंत्रज्ञान उद्योजक पार्क १९८६ चे. पुढे २००४ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत इन्क्युबेटर आले. १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' जाहीर झाले. २०१८ पासून महाविद्यालयांत इनोव्हेशन कौन्सिल स्थापन होऊ लागल्या आणि २०१९ मध्ये विद्यार्थी व अध्यापकांसाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन व स्टार्टअप धोरण आले. २०२४-२५ पासून बी.बी.ए. सारखे अभ्यासक्रमही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. महाराष्ट्र शासनाच्या एका विभागाच्या नावातच 'उद्योजकता व नाविन्यता' हे शब्द आहेत.

वाड्याची शेवटची खोली, म्हणजे बिझनेस मॉडेलचा एकपानी तक्ता आणि 'लीन स्टार्टअप', ही २०१० आणि २०११ च्या पुस्तकांतून आली. या साधनांचा जन्म सॉफ्टवेअरच्या जगाजवळचा आहे. तिथे कच्चा नमुना आठवड्यात बदलता येतो. औषध, यंत्रसामग्री किंवा शेतीमाल यांत ते इतके सोपे नसते. नांगराच्या मागणीचा अंदाज घ्यायला एक हंगाम थांबावेच लागते.

९. चुकीचा प्रश्न आणि बरा प्रश्न

दरम्यान संशोधकांत एक महत्त्वाचा वाद झाला. १९८८ मध्ये विल्यम गार्टनर यांनी असे मांडले की 'उद्योजक कोण असतो?' हा प्रश्नच चुकीचा आहे. गुणांच्या याद्या इतक्या लांबल्या आणि इतक्या परस्परविरोधी झाल्या, की त्यांत कोणीही बसेल. त्याऐवजी उद्योजक काय करतो ते पाहा.

ते पाहिले सरस सरस्वती यांनी. हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक उद्योग दिला आणि निर्णय घेताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. २००१ मध्ये त्यांनी मांडलेला विचार पाठ्यपुस्तकाच्या उलटा होता. पुस्तक सांगते : ध्येय ठरवा, बाजाराचा अंदाज घ्या, साधने जमवा. अनुभवी माणसे मात्र हाताशी काय आहे, आपण कोण आहोत, आपल्याला कोण ओळखते, इथून सुरुवात करीत. किती नफा होईल यापेक्षा किती नुकसान परवडेल, हे आधी ठरवीत. सरस्वती स्वयंपाकाचे उदाहरण देतात : एकजण पदार्थ ठरवून बाजारहाट करतो, दुसरा फडताळ उघडून आहे त्यातून पदार्थ करतो. अवेळी पाहुणे आलेल्या घरातील गृहिणीला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

१०. मग शिकवून उद्योजक होतो का?

या प्रश्नावर मोजमापही झाले आहे. नेदरलँड्समध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वर्षभर छोटी कंपनी चालवण्याच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता : कौशल्यांत लक्षणीय फरक दिसला नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली. त्याच वर्षी म्युनिक विद्यापीठातील व्यवसाय पदवीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचा अभ्यास आला. तिथेही सरासरी इच्छा थोडी घटली, पण विद्यार्थ्यांची मते अधिक पक्की झाली. काहींना 'हे माझे काम नाही' हे स्पष्ट झाले, काहींना 'हेच माझे काम' हे.

दुसरीकडे, पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिशेब-विपणनाचे नेहमीचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यातली वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती. स्वतःहून पुढाकार घेण्याचे मानसशास्त्रीय प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा मात्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. काकीनाडाचा मूळ विचार, पाच दशकांहून अधिक काळाने, मोठ्या नमुन्यावर, पुन्हा उभा राहिला.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील, पण तसे ते नाहीत. टोगोतील लोक आधीच दुकान चालवत होते. शिकलेले दुसऱ्या दिवशी वापरायला त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभे होते. नेदरलँड्स आणि म्युनिकमधील बहुतेकजण विद्यार्थी होते, तुमच्यासारखे. उद्योजकतेचे शिक्षण व्यवहार करणाऱ्याला बळ देते, आणि व्यवहार न केलेल्याला स्वतःची ओळख करून देते. दुसरा परिणाम कमी प्रतीचा समजू नका. कर्ज काढून तीन वर्षांनी कळण्यापेक्षा एका सत्रात कळलेले बरे.

११. या इतिहासाचा तुम्हाला उपयोग

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. धंदा रक्तात असावा लागतो याला इतिहासात आधार नाही. किर्लोस्कर, लिज्जतच्या सात स्त्रिया आणि गुजरातचे कार्यक्रम त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. पण पेपर उत्तीर्ण झाल्याने उद्योजक होतो, यालाही आधार नाही. मधली जागा आहे ती गिऱ्हाइकाशी गाठ पडण्याची, आणि ती तुम्हाला सत्र चालू असतानाच निर्माण करता येते.

गुणांची यादी वाचताना ती स्वतःला नापास करायला वापरू नका, गार्टनर आठवा. प्रकल्प अहवाल लिहिताना वाचक बँक आहे हे ध्यानात ठेवा. तक्ता भरताना त्यातले प्रत्येक विधान हे अजून तपासायचे आहे असे समजा. आणि अहवालाच्या गुणांची वाट न पाहता ती वस्तू किंवा सेवा दहा अनोळखी माणसांना विकून पाहा. किती पैसे आणि किती दिवस बुडाले तरी चालतील, हे आधी वहीत लिहून ठेवा आणि त्या आकड्याशी थांबा. दहांपैकी कोणीच घेतले नाही, तर का घेतले नाही हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याला गुण नसतील, पण तुमच्या निर्णयासाठी याहून भरवशाची माहिती वर्गात मिळत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या विद्यापीठाचा या विषयाचा अभ्यासक्रम घ्या. प्रत्येक घटकासमोर तो साधारण कोणत्या दशकातून आणि कोणाच्या गरजेतून आला ते लिहा.

२. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील दहा वर्षांहून जुना एक व्यवसाय निवडा. मालकाने सुरुवातीला केलेली 'नवी जुळणी' शुम्पीटरच्या पाचांपैकी कोणत्या प्रकारात बसते? कोणत्याच प्रकारात बसत नसेल, तर कँतिलाँची व्याख्या लावून पाहा.

३. काकीनाडा आणि टोगो येथील प्रयोगांतील साम्य व फरक सांगा. तुमच्या महाविद्यालयात असा प्रयोग करायचा झाल्यास तुलनेसाठी दुसरा गट कसा निवडाल?